मालकाची श्रीमंती आणि क्लबची तिजोरी

अमेरिकेत सॉकरची खालच्या श्रेणीची लीग काढायची तर पैसा लागतो, हे कुणीही सांगेल. तो पैसा कुणाचा असावा, कुठे ठेवावा आणि कशासाठी राखावा, इथे मात्र मतं फाटतात. हा प्रश्न अगदी ताजा आहे. नॅशनल इंडिपेंडंट सॉकर असोसिएशन, म्हणजे ‘निसा’, ही तिसऱ्या श्रेणीची लीग ऑगस्ट २०१९ मध्ये मैदानात उतरली. पहिल्याच हंगामात फिलाडेल्फिया फ्युरी हा संघ एक सामना खेळला आणि बाहेर पडला. पुढच्या वर्षांत लीगमधले भक्कम क्लब एकेक करून दुसरीकडे गेले. २०२५ च्या हंगामासाठी लीगला राष्ट्रीय फेडरेशनची मान्यता मिळाली नाही आणि खेळ थांबला.

या विषयावर मामा आणि भाची यांच्यात झालेला वाद इथे मांडतो आहे. मामांची हयात राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जखात्यात गेली. भाची मिशिगनमध्ये स्थायिक आहे आणि डेट्रॉइट सिटी क्लबची पक्की पाठीराखी आहे.

भाची : मामा, निसा बुडाली म्हटलं की तुम्ही लगेच क्लबांना दोष देता. आधी नियम बघा. तिसऱ्या श्रेणीत उतरायचं तर मुख्य मालकाकडे क्लबचा किमान ३५ टक्के हिस्सा हवा आणि राहतं घर सोडून त्याची निव्वळ मालमत्ता एक कोटी डॉलर हवी. दुसऱ्या श्रेणीला दोन कोटी, पहिल्या श्रेणीला चार कोटी. शिवाय लीग सुरू करायची तर आठ संघ हवेतच. एखाद्या गावात फुटबॉलवेडे पाच हजार लोक आहेत, पण कोट्यधीश एकही पुढे येत नाही. त्या गावाने व्यावसायिक फुटबॉल खेळायचाच नाही का?

मामा : खेळावा ना, जरूर खेळावा. पण खेळाडूला पगाराचा शब्द दिलास की तो छंद उरत नाही, देणं होतं. क्लब मध्येच बंद पडला तर त्या पोराचा पगार जातो, क्लबने दिलेली खोली जाते, परदेशी असेल तर व्हिसाही धोक्यात येतो. सीझन तिकीट काढलेल्यांचे पैसे अडकतात. हे नियम त्यांच्यासाठी आहेत. २००९ मध्ये यूएसएलची (युनायटेड सॉकर लीग) मालकी बदलली, क्लबमालकांमध्ये फूट पडली आणि २०१० मध्ये दुसरी श्रेणी फेडरेशनलाच स्वतः चालवावी लागली. त्यानंतर नियम कडक झाले. हात पोळल्यावरच नियम होतात, अगं.

भाची : मान्य. पण कडक नियम चुकीच्या जागी लावला तर त्याचा उपयोग काय?

मामा : जागा चुकीची की बरोबर, ते हिशेबावरून कळेल. कागद घे. २०१९ मध्ये यूएसएल लीग वन दहा संघांनिशी सुरू झाली, तेव्हा हंगाम २८ सामन्यांचा होता. आपणही तेवढेच धरू. १४ घरी, १४ बाहेर. घरच्या सामन्याला दोन हजार माणूस येतं आणि तिकीट सरासरी १५ डॉलरला जातं असं समज.

भाची : चार लाख वीस हजार डॉलर.

मामा : आता बावीस खेळाडू. महिना अडीच हजार, दहा महिन्यांचा करार.

भाची : साडेपाच लाख. म्हणजे नुसत्या पगारालाच तिकीटविक्री पुरत नाही.

मामा : थांब, अजून आपण गावाबाहेर पडलेलो नाही. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ धरून पंचवीस माणसं. विमान, हॉटेल, जेवण मिळून माणशी पाचशे डॉलर म्हटले तर चौदा दौऱ्यांचे पावणेदोन लाख होतात. इंग्लंडमधला छोटा क्लब सकाळी बसने निघून रात्री घरी येऊ शकतो. निसामध्ये एक क्लब कॅलिफोर्नियात, दुसरा टेनेसीत आणि तिसरा फ्लोरिडात होता. आपली तूट आत्ताच तीन लाखांवर गेली आणि प्रशिक्षकांचे पगार, मैदानाचं भाडं, कचेरीतली माणसं हे अजून धरलंच नाही. कामगारांच्या दुखापतीच्या भरपाईचा विमा इथे बहुतेक राज्यांत धंदा करणाऱ्याला काढावाच लागतो. ज्या धंद्यात गुडघा फिरणं रोजचंच, तिथे त्याचा हप्ता काय असेल ते बघ.

भाची : प्रायोजक राहिले, मामा. जर्सीची विक्री, खाणंपिणं, पार्किंग राहिलं. छोट्या क्लबचा जीव यावरच जगतो.

मामा : पण खाण्यापिण्याचा गल्ला कोणाच्या हातात? मैदान भाड्याचं असेल तर बऱ्याचदा मैदानवाल्याच्या. तुझ्या क्लबने माणसं जमवायची आणि बिअरचा नफा दुसऱ्याने न्यायचा.

भाची : हाच तर माझा मुद्दा आहे! मालक किती श्रीमंत हे विचारण्याआधी मैदान कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा. लुईव्हिल सिटी २०१५ मध्ये बेसबॉलच्या मैदानात खेळायला लागला. २०२० मध्ये त्याचं स्वतःचं स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा कुठे सामन्याच्या दिवशीचा पैसा घरात राहायला लागला. आमच्या डेट्रॉइट सिटीचं मैदान तुम्ही पाहिलंत ना? हॅमट्रॅमकमधलं कीवर्थ. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून ते बांधलं आणि १९३६ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. मालकी तिथल्या शाळा मंडळाची. स्टँड मोडकळीला आले होते. २०१६ मध्ये क्लबने गावासमोर हात पसरला. ५२७ जणांनी मिळून सुमारे सात लाख एकेचाळीस हजार डॉलर गुंतवले. एकेकाळी पोलिश कामगारांचं असलेलं हे गाव आता बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबांचंही आहे. मैदानाला लागून घरं आहेत. सामना सुरू झाला की ढोलांचा आवाज आणि रंगीत धूर गल्लीभर पसरतो. या ५२७ जणांत एक कोटी डॉलरवाले किती असतील?

मामा : ते पाहून मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण पुढचंही सांग. तोच डेट्रॉइट सिटी २०२२ मध्ये निसा सोडून यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये, दुसऱ्या श्रेणीत गेला. मायामी २०२० मध्ये गेला, ओकलंड रूट्स २०२१ मध्ये. चॅटनूगा २०२४ मध्ये एमएलएसच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या मेजर लीग सॉकरच्या, ‘एमएलएस नेक्स्ट प्रो’ या खालच्या लीगकडे गेला. बँकेत आम्ही हे फार पाहिलं. शाखेची तब्येत बिघडली की चांगला कर्जदार पहिला खातं उचलून दुसऱ्या बँकेत नेतो. मागे राहतात ते ज्यांना कुणी दारात उभं करत नाही. लीगचंही तसंच. भक्कम क्लब गेला की उरलेल्यांच्या घरच्या मैदानावरचा एक गर्दीचा सामना जातो, प्रायोजकाचा विश्वास जातो, वेळापत्रक विस्कटतं. मग दुसरा जातो.

भाची : ते गेले कारण वर जायला दुसरा रस्ताच नव्हता. मैदानावर जिंकून वरच्या श्रेणीत जाता येत नाही, प्रवेशशुल्क भरून जाता येतं. १९९९ चा रॉचेस्टर आठवा. यूएस ओपन कप, १९१४ पासून चालत आलेली स्पर्धा. दुसऱ्या श्रेणीतल्या रॉचेस्टर ऱ्हायनोजनी शिकागो, डॅलस, कोलंबस आणि शेवटी अंतिम सामन्यात कोलोरॅडो, असे एमएलएसचे चार संघ ओळीने हरवले. एमएलएस सुरू झाल्यापासून खालच्या श्रेणीतल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबने तो कप जिंकलेला नाही. त्या काळी त्यांच्या सामन्यांना सरासरी दहा हजारांवर लोक यायचे. इतकं करूनही वरची श्रेणी मिळाली का? नाही.

मामा : रॉचेस्टरचं नाव तू काढलंस हे बरं झालं, कारण माझी बाजू तेच गाव मांडतं. लोक होते, प्रेम होतं, कप होता. मग काय झालं? २००६ मध्ये स्वतःचं स्टेडियम उघडलं आणि २००८ उजाडेपर्यंत मालक आर्थिक संकटात सापडून क्लब हातातून गेला. पुढे नवे मालक आले. २०१५ मध्ये साखळीत फक्त एकच सामना हरून त्यांनी विजेतेपद मिळवलं. तरी २०१७ नंतर खेळ थांबला. २०२२ मध्ये इंग्लिश फुटबॉलपटू जेमी वार्डीसारखा नावाजलेला भागीदार घेऊन क्लब नव्या नावाने परतला आणि २०२३ मध्ये पुन्हा बंद झाला. तू म्हणतेस मैदान ताब्यात हवं. त्यांच्या ताब्यात होतं की! झेपेल एवढं कर्ज आणि न झेपणारं कर्ज यांतला फरक प्रेमाने भरून निघत नाही.

भाची : मग जेमी वार्डी श्रीमंत नव्हता का? तुम्हीच बघा, श्रीमंत भागीदार असूनही क्लब बंद झाला. दुसऱ्या एनएएसएलचं, म्हणजे जुन्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचं नाव घेऊन निघालेल्या लीगचं उदाहरण घ्या. २०११ ते २०१७. तिथे तर पैसेवाल्यांची कमतरता नव्हती. ओक्लाहोमातल्या रायो ओकेसीचा मुख्य मालक स्पेनचा रायो व्हायेकानो, पहिल्या श्रेणीत खेळलेला क्लब. २०१६ मध्ये भागीदारांचं बिनसलं आणि एका भागीदाराने मैदानावरचं कृत्रिम गवतच निम्म्याहून अधिक उचलून नेलं! त्या वर्षअखेर क्लब संपला. या लीगमागे ट्रॅफिक स्पोर्ट्स या कंपनीचा मोठा पैसा होता. २०१५ मध्ये फिफाच्या लाचखोरी प्रकरणात लीगच्या अध्यक्षालाच अटक झाली. २०१७ मध्ये फेडरेशनने दुसऱ्या श्रेणीचा दर्जा नाकारला. लीगने स्पर्धाविरोधी कट म्हणून खटला भरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्यूरीने तो फेटाळला. इतक्या सगळ्या कोट्यधीशांनी मिळून एक लीग टिकवली नाही.

मामा : त्यात वाईट व्यवस्थापनही होतं.

भाची : आपल्याकडचं सांगते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता. मागे केवढा उद्योगसमूह! २०१० मध्ये त्यांनी क्लब बंद केला. समूह काही दिवाळ्यात निघाला नव्हता, त्याने निर्णय घेतला, एवढंच. गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तीन क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, कारण वरची श्रेणी बंद दाराची होणार हे दिसत होतं. त्या मालकांकडे पैसा नव्हता का? मालकाची श्रीमंती ही क्लबची श्रीमंती नसते, मामा. मालक उद्या सकाळी उठून निघून जाऊ शकतो.

मामा : (जरा थांबून) हे मात्र माझ्या धंद्यातलं बोललीस. जामीनदाराच्या मालमत्तेचं पत्रक फाइलला लावून आम्ही कर्ज देत नव्हतो. आम्ही म्हणायचो, आधी तुझं मार्जिन खात्यात भर. पत्रकातली जमीन वसूल करायला पंधरा वर्षं कोर्टात जातात. खात्यातला रुपया आज असतो.

भाची : मग फेडरेशन तेच का करत नाही?

मामा : थोडं करतं. क्लबकडून अनामत घेतं. तिसऱ्या श्रेणीला अडीच लाख डॉलर, दुसऱ्या श्रेणीला साडेसात लाख.

भाची : आपल्या कागदावरची तूट बघा. प्रशिक्षक, भाडं, विमा न धरताच तीन लाख पाच हजार होती. म्हणजे तिसऱ्या श्रेणीची अनामत एका हंगामाची अर्धवट मांडलेली तूटसुद्धा भरून काढत नाही. आणि क्लब तर तिसऱ्या, चौथ्या वर्षी बुडतात. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी मालकाचा हट्ट असतो. तिसऱ्या वर्षी हिशेबनीस येऊन बसतो.

मामा : म्हणून तर मालक जाडजूड हवा. एमएलएसचंच बघ. पहिल्या पाच-सहा वर्षांत गुंतवणूकदारांचे सुमारे पंचवीस कोटी डॉलर बुडाले असं तेव्हा छापून आलं होतं. २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले. फिलिप अँशुट्झ एकटा दहांपैकी सहा संघ सांभाळत होता. लामार हंटने १९९९ मध्ये कोलंबसला खास सॉकरसाठी स्टेडियम बांधलं. हे दोघे-तिघे पाठ फिरवून गेले असते तर एमएलएस तेव्हाच संपली असती. २०२३ मध्ये सॅन दिएगोने त्याच लीगमध्ये शिरायला पन्नास कोटी डॉलर मोजले. ही किंमत त्या तोट्याच्या वर्षांतून उभी राहिली.

भाची : पहिल्या श्रेणीला ते चाललं, कारण शेवटी टीव्हीचा करार मिळणार होता. २०२२ मध्ये ॲपलशी दहा वर्षांचे अडीच अब्ज डॉलर ठरले होते. तिसऱ्या श्रेणीला असं घबाड कधीच मिळणार नाही. तिथे तोटा ही भांडवली गुंतवणूक ठरत नाही, तोटाच राहतो. मग एमएलएसचं माप खाली का लावायचं?

मामा : बरं, तुझं माप सांग. पाठीराख्यांनी क्लब विकत घ्यावा? साखर कारखान्यात मी सभासदांचे भाग पाहिले आहेत. हजारो मालक, वार्षिक सभेत भाषणं, पण हप्ता थकला की जबाबदारी कुणाचीच नाही.

भाची : आणि तेच कारखाने जिथे नीट चालले तिथे गावाने डोळ्यांत तेल घालून जपले, हेही तुम्हीच सांगत आलात. चॅटनूगाने २०१९ मध्ये पाठीराख्यांना भाग विकले, तीन हजारांवर लोकांनी घेतले. निसा गेली, चॅटनूगा आहे. अमेरिकी फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स तर १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. मी फक्त पाठीराख्यांचा क्लब म्हणत नाही. मोठा भागीदार हवाच. पण क्लब हलवायचा, विकायचा, बंद करायचा तर गावाच्या सहीशिवाय होऊ नये.

मामा : सहीला माझी हरकत नाही. माझी अट पैशाची आहे. लीगमध्ये येणाऱ्या प्रत्येक क्लबने दोन पूर्ण हंगामांची अपेक्षित तूट रोख स्वरूपात तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवावी. तिथून फक्त पगार आणि विमा निघेल. मग ते पैसे एका कोट्यधीशाने भरोत की तीन हजार लोकांनी, मला फरक पडत नाही.

भाची : मालमत्तेची अट काढून?

मामा : सौम्य करून. आणि आठ संघांच्या आकड्यासाठी लंगडा आठवा संघ ओढून आणू नये. सहा भक्कम संघांना एक वर्ष तात्पुरती परवानगी द्यावी.

भाची : मी त्यात भर घालते. सगळे संघ बसने सहा तासांच्या आत असावेत. पश्चिम किनाऱ्याची गटसाखळी वेगळी, ग्रेट लेक्सची वेगळी, शेवटी फक्त बाद फेरी एकत्र. आपण धरलेल्या पावणेदोन लाखांतला मोठा वाटा तिथेच वाचतो. खाण्यापिण्याच्या विक्रीत किती वाटा मिळणार, हे मैदानाच्या करारात लिहिल्याशिवाय संघ जाहीरच करू नये.

मामा : स्टेडियमसाठी सरकारी पैशावर डोळा ठेवू नका, हेही लिही. २०२१ मध्ये अल्बुकर्कीच्या मतदारांनी न्यू मेक्सिको युनायटेडच्या स्टेडियमसाठी पाच कोटींचे रोखे मोठ्या बहुमताने नाकारले. क्लब लोकप्रिय असूनही.

भाची : लिहिते. आणि नव्या क्लबांच्या प्रवेशशुल्कावर लीगचा रोजचा खर्च चालवायचा नाही.

मामा : हे तर सोन्याच्या अक्षरांत लिही. जुन्या एनएएसएलने तेच केलं. पेले १९७५ मध्ये कॉसमॉसकडे आला, १९७७ मध्ये न्यू जर्सीत एका सामन्याला ७७ हजारांवर माणसं लोटली. त्याच्या पुढच्या वर्षी लीगने संघ १८ चे २४ केले. १९८४ मध्ये नऊ उरले आणि लीगच गेली. एका क्लबची गर्दी बघून बाकीच्यांनी त्याच्यासारखा खर्च केला.

भाची : मग आपलं एकमत झालं म्हणायचं?

मामा : नाही. तू म्हणशील, एवढं जमवून उद्याच नवी स्वतंत्र लीग काढा. मी म्हणेन, थांबा. यूएसएलच्या मालकांनी मार्च २०२५ मध्ये बढती-घसरणीच्या बाजूने मत दिलं आहे, २०२८ पासून ती यायची आहे. ते जमतं का ते पाहा. क्लब आधी हौशी श्रेणीत मुरू द्या.

भाची : आणि मी म्हणेन, एकाच कंपनीच्या हातात सगळा मनोरा असू नये. दुसरा पर्याय जिवंत असेल तरच पहिला पर्याय नीट वागतो. पण रोख पैशाची तुमची अट मी घेतली. ती पाळूनच लीग काढायची.

या दोघांत मामांची सबुरी मला पटते. पण मुख्य प्रश्नावर मी भाचीच्या बाजूचा आहे. फेडरेशनचा नियम मालकाची संपत्ती मोजतो. खेळाडूचा पगार मात्र क्लबच्या खात्यातून निघतो. नियमाने हे खातं आधी मोजलं पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत गरीब मालकांच्या लीगही बुडाल्या आणि गर्भश्रीमंतांच्याही. टिकलेल्या क्लबांत बहुतेकांनी मैदानाचा प्रश्न सोडवला आणि झेपेल एवढाच खर्च केला.

अमेरिकेतल्या कित्येक गावांत आता मराठी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं शनिवारी सॉकर खेळतात आणि गावच्या क्लबचे भाग घ्या म्हणून त्यांनाही विचारणा होते. जरूर घ्या. गावच्या क्लबात पैसा घालणं हे चांगलं काम आहे. पण सही करण्याआधी पुढल्या दोन हंगामांची तूट भरेल एवढी रोकड कोणत्या खात्यात आहे आणि मैदानाचा करार कोणाच्या नावावर आहे, हे विचारा. उत्तरादाखल मालकाच्या श्रीमंतीचं वर्णन ऐकायला मिळालं, तर तिकीट काढून सामना बघा आणि भाग घेण्याचं पुढच्या वर्षावर टाका.